‘व पथक’मधला माझा दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेत, स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. "ताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" दादा सारखा बंदोबस्तालाच जायचा ना...

माझा भाऊ सुधीर शहराच्या पोलीस दलात हवालदार होता. आचोळ्याहून जाऊन-येऊन नोकरी करायचा. चोर पकडायचा तो आणि छापून यायचे साहेब. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये वरपासून साहेबांची नावं असतात आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द, ‘व पथक’. सोनसाखळी चोरामागे धावताना त्याने गुडघा फोडून घेतला, त्या बातमीतही तो पथकच. घरात आम्ही त्याला तेच नाव पाडलं होतं. "पथकाला अजून एक बांगडा वाढ गं," असं मी वहिनीला म्हणायचे आणि दादा हसत ताट पुढे करायचा. साहेबांचा राग त्याला कधी आला नाही. मला यायचा, माझं डोकं लवकर तापतं.

मग निवडणुकीच्या तोंडावर ती सभा झाली. नेत्याची गाडी रिव्हर्समध्ये मागे येत होती आणि एक म्हातारे गृहस्थ चाकाखाली जाणार होते. दादाने त्यांना दंडाला धरून खेचलं. कुणाच्या तरी मोबाइलवर आलं ते एवढंच, की पोलीस म्हाताऱ्याला फरफटवतोय. विरोधकांनी ते गावभर फिरवलं, सत्तेतले घाबरले आणि दलाची प्रतिमा सांभाळायची म्हणून संध्याकाळच्या आत दादा निलंबित झाला. त्या प्रेसनोटमध्ये एकाही साहेबाचं नाव नव्हतं, पथकही नव्हतं. दादाचं तेवढं होतं, वडिलांच्या नावासकट.

चौकशीत तो निर्दोष ठरला, कामावरही परत घेतलं. पण त्याची प्रेसनोट काही निघाली नाही. दादा साहेबांना भेटला. "साहेब, दोन ओळी आल्या तरी पुरे. सोसायटीत लोक बघतात." साहेब म्हणाले, "लोक विसरलेत रे. आता आपणच कशाला आठवण करून द्यायची? दलाचंच नाव खराब होतं." हे मला सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता... आई गेली तेव्हाही तो असा बोलला नव्हता.

पुढे ड्युटीवरच त्याच्या छातीत कळ आली. दलाने त्याचा फोटो टाकून ‘कर्तव्यदक्ष’ म्हणून श्रद्धांजली वाहिली. ‘निर्दोष’ हा शब्द तेव्हाही कुणाला सुचला नाही. वाचून मी ढसाढसा रडले.

दादा गेला त्या दिवशी भेटायला आलेल्यांना घर सापडेना, कारण दारावर नावाची पाटी नव्हती. निलंबनानंतर दादाने ती उतरवली होती. मला म्हणाला होता, रंग द्यायचाय. परवा वहिनीने खरं काय ते सांगितलं. "बातमी छापून आली की लावतो, म्हणायचे." मी म्हटलं, आण, मी लावते. तिने कपाटातून पाटी काढली, ओढणीने पुसली आणि पुन्हा आत ठेवली.

"नको ताई. ते लावणार होते."