रिकामी दिसणारी नळी

नोकरीतली बरीच प्रकरणे आता धूसर झाली आहेत. चिकूच्या वाडीतल्या बंदुकीचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर येते. मी तेव्हा बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे काही वर्षांनी मी खाते सोडले.

सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून निरोप आला, की बंदुकीने हाताला जखम झालेला एक माणूस दाखल झाला आहे. पाठोपाठ त्याचे थोरले भाऊ ठाण्यात आले. तारापूरच्या बाजूला त्यांची जुनी वाडी. वाडीच्या राखणदाराने माझ्या धाकट्या भावावर बंदूक झाडली, अशी त्यांची तक्रार होती. बंदूक म्हणजे छऱ्यांची एअरगन. चिकूवर येणारी माकडे आणि वटवाघळे हाकलायला ती खोपीत टांगलेली असे. आदल्या दिवशी धाकट्याने राखणदाराला चारचौघांत झापले होते आणि घटनेनंतर राखणदार बेपत्ता होता. सगळे अगदी सरळ दिसत होते.

धाकट्याचा जबाब मी रुग्णालयात घेतला. खोपीत गेलो होतो, बंदूक सुटली, त्यापुढचे आठवत नाही, असे तो म्हणाला. बंदूक कधी वापरता का, यावर त्याने नाही म्हणून मान हलवली आणि भावाकडे पाहिले. राखणदाराचे नाव त्याने स्वतःहून एकदाही घेतले नाही. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. तळव्याला आरपार बारीक भोक होते, छर्रा कुठेच नव्हता. थोरले म्हणाले, छर्रा आरपार गेला असेल. मी शाळेत असताना एअर रायफल चालवली होती. असला छर्रा बहुधा मांसातच अडकतो, हे मला ठाऊक होते. पण 'बहुधा'वर गुन्ह्याचा तपास चालत नाही.

दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. राखणदार बेटेगावला, कंपनीत कामाला असलेल्या मेव्हण्याच्या खोलीत होता. पथक गेले तेव्हा तो दारातच बसला होता. उठला आणि स्वतःहून गाडीत बसला.

मला मुळात कमी बोलायची सवय. चौकशीत तिचा उपयोग होई, कारण समोरच्याला शांतता सहन होत नाही. हा माणूस मात्र माझ्याइतकाच गप्प होता. जव्हारकडच्या डोंगरातला, पाऊस संपला की बायकोमुलांसह वाडीवर येऊन राहणारा. शेवटी तोच म्हणाला,

"मी नाय मारला. मी तवा झाडांना पानी सोडत होतो."

"मग पळालास कशाला?"

"बंदूक रोज माज्या हाती असते, मॅडम. माजा कोन आयकनार?"

हवालदार म्हणाले, पळाला तिथेच कबुली झाली. वरिष्ठांचाही फोन आला, की आरोपी हाती आहे तर अटक दाखवा. हत्येच्या प्रयत्नाचे कलम लागले असते तर तो कित्येक महिने तुरुंगात राहिला असता. जामिनाला उभे राहणारे त्याच्यामागे कोणी नव्हते. जागेचा पंचनामा होईपर्यंत अटक दाखवणार नाही, असे मी सांगितले. वरिष्ठ नाराज झाले.

मी त्याला बंदूक कशी भरता ते विचारले. नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायची, मागून छर्रा ठेवायचा आणि छत्रीच्या काडीने आत सारायचा, असे त्याने हातांनी करून दाखवले. नुसता ठेवला तर फिरताना गळून पडतो, म्हणून वाडीत सगळे असेच करतात. मी विचारले, "सगळे म्हणजे कोण?"

"मी, आनि धाकले शेठ. त्यांना लय हौस हाय. थोरल्या शेठना सांगू नका, ते वरडतील."

दुसऱ्या दिवशी धाकट्याला घेऊन आम्ही वाडीत पंचनाम्याला गेलो. थोरले भाऊ आणि दोन पंच सोबत होते. हवालदारांनी खुंटीवरची बंदूक काढली, नळी मोडली आणि मागच्या बाजूने पाहिले. "रिकामी हाय, मॅडम. एक बार काढून बघतो, चालते का." नळी परत बसवायला त्यांनी हात उचलला.

धाकटा एकदम पुढे आला. "नको. आत अजून छर्रे हायत."

मी नळी उघडीच ठेवून, तिचे तोंड पालापाचोळ्याच्या ढिगाकडे करून बंदूक खाली ठेवायला लावली. मग धाकट्याला विचारले, "मागून तर काहीच दिसत नाही. तुम्हाला कसे कळले?"

तो फळांच्या क्रेटवर बसला. थोरले त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू सगळे बाहेर आले. काडीने आत सारलेला छर्रा मागून दिसत नाही. त्यामुळे बंदूक रिकामी समजून एकाने भरलेल्यावर दुसरा भरत असे. त्या दिवशी धाकट्याने चाप दाबला तर नुसता फुसका आवाज आला. त्याने आणखी एक छर्रा भरला आणि नळी मोकळी करायला तिच्या पुढच्या तोंडातून छत्रीची काडी घातली. काडीचे टोक तळव्याने रेटत असताना दस्ता पायाला लागून चाप दबला आणि हवेच्या दाबाने काडी तळव्यातून आरपार गेली. थोरल्यांनी बंदुकीला हात लावू नको, असे बजावले होते, म्हणून त्याने हे लपवले. काडी उपटून त्याने पाल्यात फेकली. भावाने राखणदाराला दोष दिला, तेव्हा तो गप्प राहिला.

पाल्यात काडी सापडली. तिचे टोक तुटलेले होते.

मुख्यालयातून आर्मोरर, म्हणजे खात्याची शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, येईपर्यंत मी बंदुकीला कोणाला हात लावू दिला नाही. त्याने सगळ्यांना नळीच्या रेषेतून बाजूला केले. स्प्रिंग सैल होईपर्यंत नळीवरची पकड सोडली नाही. मग तेलाचे थेंब सोडून थोडा वेळ थांबला आणि पितळी गज मागच्या बाजूने हळूहळू रेटला. ठोकाठोक केली नाही. अडकलेला छर्रा दुसरा बार काढून उडवायचा नसतो, आणि नळीच्या तोंडावर हात किंवा डोळा न्यायचा नसतो, हे त्याने पंचांनाही बजावले. आधी काडीचे टोक पडले, मागोमाग एकमेकांत रुतलेले तीन छर्रे. सगळे सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले.

राखणदाराला सोडताना थोरले भाऊ ठाण्यात आले. चूक झाली, असे त्यांना म्हणता आले नाही. "चल, गाडीत बस. पोरं वाट बघतायत," एवढेच म्हणाले.

"येतो, शेठ. पन बंदूक आता तुमची तुमी सांभाळा."

धाकटा गाडीतून खाली उतरला होता. राखणदार जवळ येताच त्याने पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेतला. राखणदार मागच्या सीटवर जाऊन बसला.

धाकट्याच्या जबाबात खोटे वाक्य जवळजवळ नव्हतेच. बंदूक खरोखरच सुटली होती. ती कोणी झाडली, हे इतरांनी आपापल्या समजुतीने ठरवले, आणि त्याने ते ठरवू दिले. त्या प्रकरणानंतर कोणताही जबाब घेताना मी आधी विचारत असे, की त्या क्षणी ती वस्तू कोणाच्या हातात होती. या साध्या प्रश्नाला थेट उत्तर येईपर्यंत मी कोणाच्याही अटकेच्या कागदावर सही केली नाही.