टेलचं पाणी

सोपानतात्या पहिल्यांदा आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय उघडा होता. रांगेतली माणसं हसायला लागली. मी विचारलं, "तात्या, दुसरी चप्पल कुठं?" त्यांनी खाली पाहिलं आणि चप्पल नाही हे त्यांना तेव्हा कळलं. "आरं, हितंच तर हुती की," असं म्हणून ते माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच ती काढून घेतली असावी. चप्पल भिगवणहून येणाऱ्या एसटीत राहिली होती. स्टँडपासून आमच्यापर्यंत सगळा डांबरी रस्ता, वर चैत्राचं ऊन. त्या तापलेल्या डांबरावरून माणूस एका अनवाणी पायानं चालत आला आणि त्या पायाला खबर नव्हती. रांग हसत होती. आतून बघणाऱ्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

गोष्ट नव्वद सालानंतरची. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला भाड्याच्या खोलीत पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी साखरेच्या आजारावर संशोधन चालवलं होतं. प्रश्न साधा होता. खेड्यातल्या माणसानं घरच्या घरी लघवी तपासली तर त्याची साखर जास्त आटोक्यात राहते, का नुसतं दवाखान्यात येऊन रक्त देणाऱ्याची? कुणी कोणत्या गटात जायचं ते चिठ्ठी ठरवायची. मी लोणी भापकरचा, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही, उलट छाती पुढेच यायची. गावोगाव जाऊन लोकांना तपासणी शिकवायची आणि ते ती नीट करतात का बघायचं, हे माझं काम.

मुलुख साखर कारखान्यांचा. उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला आमच्याकडे उतारा म्हणतात. त्यामुळे रांगेत बसलेली माणसं रक्ताचा आकडा हातात पडला की एकमेकांना डिवचायची, "तुझ्यापेक्षा माझा उतारा जास्त हाय गड्या! कारखान्यानं मलाच तोडून न्यावं." तात्या त्यांना म्हणायचे, "लेकांनो, आधी वजनकाट्यावर तर चढा."

तात्यांची सारी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या कालव्यावर गेली. पाटकरी होते ते. पाळी आली की दार उघडायचं, पाणी सोडायचं, आणि पाटाच्या कडेनं शेवटच्या शेतापर्यंत चालत जाऊन पाणी पोचलं का ते बघायचं. त्या शेवटाला ते 'टेल' म्हणायचे आणि पाण्याच्या तोंडाशी असलेल्या शेतांना 'हेड'. कोणतीही गोष्ट ते पाण्यावर आणून सोडायचे. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ओळीला आमटी पातळ वाढली तरी म्हणायचे, "हेडवाल्यांनी सगळं घट्ट वढलं. टेलचं कोण बघतंय?" निवृत्त होऊन भिगवणजवळच्या डाळजला राहायला आले तरी सकाळी चालायला निघायचे ते पाटाच्याच कडेनं. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय बीयस्सी," एवढंच. त्यात थोडी टवाळी असायची आणि, आमच्याच समाजातलं पोर शिकलं म्हणून, थोडा अभिमानही.

चिठ्ठीत त्यांना घरी तपासणी करण्याचा गट आला. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं तसंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं आणि फारच असेल तर विटकरी होतं. हे सांगितल्यावर तात्या खूष झाले. "म्हंजी निळं ऱ्हायलं की जिंकलो? मग ह्ये आपलंच काम हाय!" घरातल्या भिंतीवर निळा झेंडा होता, त्याच्याच खाली त्यांनी दिवा आणि नळी मांडली. मी गेलो की दारातूनच आवाज यायचा, "जयभीम, बीयस्सी! निळं हाय!" त्यांची बायको, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, आतून म्हणायची, "येवढं कौतिक कवा माझ्या निळ्या लुगड्याचं केलं न्हाय."

आणि ते खरंच निळं असायचं. मी स्वतः समोर बसून उकळून पाहिलं, तरी निळंच.

पावसाळा सरता सरता एकदा गेलो तर तात्या बाजेवर बसले होते. नळी दाखवली, निळी. चहा झाला. आक्कानं सकाळीच सारवलं होतं. तात्या चूळ भरायला दारापर्यंत जाऊन आले आणि मला जमिनीवर त्यांच्या पावलांचे ठसे दिसले. उजवे ठसे कोरडे होते. डाव्या प्रत्येक ठशात अंगठ्याच्या जागी ओला, पिवळसर डाग होता.

"तात्या, पाय दाखवा बघू."

"पायाला काय धाड भरलीय? लघवी बघायला आलाय का पाय?"

"दाखवा तर."

आक्कानंच पाय धरून वर केला. अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता आणि त्याच्याभोवतीचं मांस काळं पडलं होतं. वास आला. तात्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. "दुखत तर न्हाय," ते म्हणाले. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यांना गाडीत बसवणं सोपं गेलं नाही. एकच पालुपद, "निळं हाय ना? मग साखर न्हाय. साखर न्हाय तर जखम हुईल बरी." बोलता बोलता आक्कानं सांगून टाकलं की निळं राहतंय म्हणून तात्यांनी गोळी निम्मी केली होती. मी भांडलो, हातापाया पडलो. शेवटी आक्का म्हणाली, "तुमी बसा झेंड्याखाली निळं बघत. मी चालले बारामतीला, तुमचा पाय कसा वाचवायचा ते इचारायला." तेव्हा उठले.

बारामतीत रक्त काढलं. आकडा बघून बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तात्यांच्या समोर खुर्ची ओढली. "तात्या, नळी खोटं बोलली नाही. पण वय झालं की काही जणांची मूत्रपिंडं साखर धरून ठेवतात. रक्तात साखर खूप चढली तरी ती लघवीत उतरत नाही."

तात्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांडवा उंच झाला म्हना की. तलाव तुडुंब, पन खाली ठणठणीत."

"हो, तसंच."

बाईंनी पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधली. खूप वेळ शोधली. शेवटी एका जागी बोटं थांबली. "बारीक लागतेय." तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. टवाळीचा मागमूस नव्हता. "बीयस्सी, टेलला पानी कमी पडतंय रं."

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात सर्जननी बघता क्षणी सांगितलं की पाय बहुतेक गुडघ्याखालून काढावा लागेल, तरी आधी औषधं आणि इन्शुलिन देऊन वाट पाहू. त्या वाट पाहण्याची आठवण आजही नको वाटते. रोज ड्रेसिंग सोडताना आक्का भिंतीकडे तोंड करायची आणि मला विचारायची, "वर चढलंय का?" काळं वर चढलं तर पाय जाणार, एवढं तिला कळलं होतं. मी बघायचो. कधी वाटायचं थांबलंय, कधी वाटायचं सरकलंय. तात्या छताकडे बघत म्हणायचे, "पाटकऱ्याचा पाय गेल्यावर ऱ्हातंय काय? मला जायाचं तर दोन्ही पायांवर जायाचंय. खांद्यावर उचलायला हलकं नगं मी कुनाला." आक्का खवळायची, "गप पडा! उचलायची भाषा करताय व्हय!"

अंगठा गेला. पाय राहिला. सर्जन म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हे जमलं नसतं.

बाईंनी तात्यांना संशोधनातून काढलं, कारण आता नळीच्या भरवशावर त्यांना ठेवणं बरोबर नव्हतं. ते त्यांना फार लागलं. "अंगठा कापला त्ये सोसलं. आता नावबी कापलं?" बाई म्हणाल्या, "नाव नाही कापलं. तुमच्यामुळे मी बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं रक्त पुन्हा तपासतेय. निळ्यावर विसंबलेले आणखी निघालेत." तात्या जरा निवळले. त्यानंतर आमच्या खोलीत नवा शिरस्ता पडला. आधी चपला काढायच्या, तळवे दाखवायचे आणि मगच रक्त. तात्या तर गोळ्या न्यायला आले तरी रांगेतल्या प्रत्येकाला दटावायचे, "उतारा राहू दे, आधी टेल दाव!" एका बागायतदारानं कुरकुर केली तर म्हणाले, "राव, तुमी लई मोठं. पन काट्याला सातबारा वाचता येत न्हाय." घरी न्हाव्याकडून आणलेला आरसा जमिनीवर ठेवून ते रोज सकाळी तळवे बघायचे. डोळे अधू झाले तेव्हा आक्का बघायला लागली. मला बघितलं की हाळी यायची, पण आता तिच्यात निळ्याच्या जागी तळवे आले होते, "जयभीम, बीयस्सी! टेल कोरडं हाय!"

संशोधन संपलं, बाई पुण्याला गेल्या, मी दुसरी नोकरी धरली. पुढे काही वर्षांनी निरोप आला. दुपारी जेवून बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं.

मी डाळजला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. दारात तात्यांच्या चपला तशाच होत्या. डावीला चांभारानं मागून पट्टा शिवून दिला होता, अंगठ्याशिवाय ती पायात टिकायची नाही म्हणून. उजवीचा अंगठा झिजून काळा झाला होता आणि डावीचा नव्यासारखा कोरा होता. आक्का उंबऱ्यात बसली होती. मला बघून रडली नाही. चपलांकडे हात केला.

"मोज बीयस्सी," ती म्हणाली. "दोन्ही हायती."