सोळा इंचांवरची खिडकी

आम्ही दोघं कामावर गेलो की आमचा कुत्रा गिरगावातल्या खोलीपुढच्या गॅलरीत एकटा रडायचा. घरमालकांनी बजावलं, "आठवड्याभरात गप्प करा, नाहीतर कुत्रा बाहेर."

मी गॅलरीत पालथा पडून पाहिलं. कठड्याच्या फळ्यांपलीकडे त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याचे डोळे जमिनीपासून सोळा इंचांवर येत होते, म्हणून तिथे फळीत चार इंचांची खिडकी कापली. रडणं थांबलं.

रविवारी कापलेली फळी पाहून घरमालक भडकले. तेवढ्यात खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. "हा बघतो तरी काय?" म्हणत ते कुत्र्याशेजारी ओणवे झाले, ते मोर्चा संपेपर्यंत. मग धोतर झटकत म्हणाले, "आठ इंच करा. लेकाचा जरासुद्धा सरकत नाही."