चहाच्या सुट्टीतला नकोसा विषय

चांगले चाललेले संभाषण नासवण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या बडोद्यात झाला नाही. मांजलपूरला वास्तुशांतीला बोलवावे, तर हे जिलबी खाताखाता यजमानांना विचारणार, “तुमच्या सोसायटीत घर कोणाकोणाला देत नाहीत हो?” यजमान मठ्ठा बघायला आत जात, ते पंगत उठेपर्यंत बाहेर येत नसत.

परदेशी करारांची हौस सगळ्यांना नव्यानेच लागली होती, तेव्हाची गोष्ट. साडू एका पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मीही तिथेच पत्रव्यवहार बघे. नैरोबीहून एक तरुण इंजिनिअर वर्षभर शिकायला आला. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाला ‘भाई’ लागतो. याचे मात्र नावच कोणी विचारले नाही. पहिल्याच दिवशी तो ‘काळूभाई’ झाला. तो हसला, म्हणून सगळे हसले.

चहाच्या सुट्टीत साडू उभे राहिले. “हा वर्णद्वेष आहे!”

“अरे साहेब, आ तो प्रेमथी कहीए छीए,” स्टोअरकीपर रमणभाई म्हणाले. “तो हसतो, मग तुमच्या पोटात का दुखतं?”

“मग मॅनेजरना प्रेमाने टकलूभाई म्हणा की!”

मी मान खाली घालून चहा प्यायलो.

सहा महिने रोज हेच भाषण. शेवटी मॅनेजरनी बोलावले. “आपल्याकडे असला भेदच नाही, मग चर्चा कशाला? हेड ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी तुमचं नाव आहे. विचार करा.” त्या जागेची साडू अकरा वर्षे वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी स्कूटर स्टँडवर त्या तरुणाने त्यांना गाठले. “साहब, छह महीने से मेरे लिए लड़ रहे हो. मेरा नाम बताओ.”

साडूंना सांगता येईना. भाषणात ते त्याला ‘आपला आफ्रिकन बंधू’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन त्याच्या शेजारी बसले. रमणभाईंनी लोणचे मागायला हाक मारली, “काळूभाई, जरा अथाणुं आपो ने.” तो हसायच्या आत साडू म्हणाले, “यांचं नाव ओटिएनो. ओटिएनोभाई म्हणा.” पलीकडच्या टेबलावर मॅनेजर जेवत होते. पंधरा दिवसांत ती जागा दुसऱ्याला मिळाली. मेव्हणीने आठवडाभर अबोला धरला.

साडू ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झाले. मागे एकदा मी विचारले, “जागा गेली, वाईट वाटतं का?”

“जागेचं नाही,” ते म्हणाले. “सहा महिने तो एकटा जेवत होता, आणि मी उभा राहून भाषणं करत होतो.”

मी तर बसूनच होतो.