आमची गंभीर चिंता, नेपाळसाठी

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत नेपाळच्या राजाने सरकार बरखास्त केलं आणि त्याला जाब विचारायचं जयपुरात, आमच्या जवाहर नगरच्या घरात ठरलं. आमच्या गल्लीचा चौकीदार नेपाळी. त्याच्या शाळामास्तर भावाला सैनिकांनी मोर्चातून उचलून नेलं होतं. बाहेरच्या देशांतले लोक कैद्यांची चौकशी करतायत असं त्याने ऐकलं होतं, तर त्यांना भावाबद्दल लिहा, एवढंच तो बाबांना म्हणाला.

पण बाबा बँकेत अधिकारी, वर मराठी मंडळाचे सचिव. समितीशिवाय त्यांच्याने साधी सहीही होत नसे. रविवारी कार्यकारिणी आमच्याकडे जमली. आईने पोहे केले, कचोऱ्या मागवल्या, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना भूक फार लागते असं मला हळूच सांगितलं.

टायपिंग माझ्याकडे होतं. चिंता 'तीव्र' असावी की 'गंभीर' यावर पाऊण तास गेला. विद्यापीठातले एक प्राध्यापक तीव्रवर अडून बसले. बाबांचं म्हणणं, पहिल्याच पत्रात तीव्र वापरली तर स्मरणपत्रात काय वापरणार? शेवटी गंभीर ठरली. मग प्राध्यापकांनी उट्टं काढलं: हा तत्त्वाचा प्रश्न आहे, त्यात खासगी प्रकरण नको. मी चौकीदाराच्या भावाची ओळ उडवली. पत्र एका पानात बसलं म्हणून मला बरंच वाटलं. प्रती राजाला, संयुक्त राष्ट्रांना आणि, सवयीने, बाबांच्या विभागीय कार्यालयाला माहितीसाठी. सगळ्यांनी झोकात सह्या केल्या.

संध्याकाळी बाबांनी चौकीदाराला ते हिंदी करून वाचून दाखवलं, अगदी लाल किल्ल्यावरून बोलल्यासारखं. तो टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभा होता.

"बहुत अच्छा है साबजी," तो म्हणाला. "इसमें भाई का नाम कहाँ आया?"

बाबांनी कागद उलटून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी खिशातलं पेन काढून चौकीदाराच्या हातात दिलं.

सह्यांच्या खाली उरलेल्या जागेत त्याने भावाचं नाव, गाव, शाळा असं सावकाश लिहिलं. मग थांबला.

"चश्मा लगाता है. लिख दूँ? पहचानने में आसानी होगी."

"लिखो," बाबा म्हणाले.