घाटाचे कान

शहपुऱ्याच्या पुढे हिरण नदीला जाऊन मिळते ती कनेरी. नदी म्हणावं, तर उन्हाळ्यात वासरूही उडी मारून पार होईल. नाला म्हणावं, तर दोन्ही काठांची माणसं भांडायला उठतील. पलीकडच्या सिमरखेडीत गोंडांची पडकी गढी, अलीकडच्या पिपरखेडीत भोसल्यांच्या अमलातला दगडी घाट. गढीवाले घाटाला कालचं पोर समजतात, घाटवाले गढीला मातीचा ढिगारा म्हणतात. पण चैत्र लागला की दोन्हीकडच्या बाया घाटाखालच्या एकाच डोहावर घागरी घेऊन येत. येत, असंच आता म्हणायचं.

घाट बांधला उल्हासराव टेंभेकरांच्या मूळ पुरुषानं. गावात मराठी बोलणारं घर आता तेवढंच. त्या पुरुषानं पायऱ्या रचताना सांध्यांत चुना भरला नव्हता, कारण काठाच्या पोटात झरे होते. सांध्यांतून पाणी पाझरे आणि नदी आटली तरी डोह भरलेला राही. पुरात मात्र सांधे गाळानं बुजत. म्हणून दसऱ्याच्या आधी टेंभेकरांच्या घरातला पुरुष लोखंडी सळई घेऊन बसे आणि सांधा न् सांधा मोकळा करी. घरात त्याला घाटाचे कान कोरणं म्हणत.

उल्हासरावांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून ते केलं. बोटं वाकडी झाली. गाव येई, पाणी भरी, निघून जाई. कोणाच्या कामानं पाणी येतं, हे कोणी विचारलं नाही. तेच त्यांच्या मनात सलत राहिलं.

मग घाट सुधारायची मंजुरी आली. सरपंच बळीराम ओट्यावर येऊन बसला.

"काकाजी, सिमेंट, टाइल्स, सब नया. ऊपर पत्थर पे आपके पुरखों का नाम. आपका भी लिख देंगे. कोई दिक्कत तो नहीं?"

सांधे बुजवू नका, हे शब्द उल्हासरावांच्या जिभेवर आले होते. पण सांधे राहिले तर टाइल्स नाहीत, आणि टाइल्स नाहीत तर नावाचा दगडही नाही.

"ठीक है," ते म्हणाले.

बळीराम फाटकाबाहेर पडताच त्यांच्या पत्नी, कुमुदताई, बाहेर आल्या. "काहून बोलले नाही तुम्ही? झरे बंद होऊन जातील."

"इंजिनिअर येऊन राहिला ना. तो पाहील."

"त्याला काय माहीत? तुम्हाला तर माहीत आहे."

"जन्मभर कान कोरले मी, कुमुद. एकदा माझं नाव पडू दे लोकांच्या कानावर."

उद्घाटनाला झेंडूच्या माळा लागल्या. शहरात मदन महलला राहणारा मुलगा अपूर्व येऊन फोटो काढून गेला. उल्हासराव रोज सकाळी नावाचा दगड उपरण्यानं पुसू लागले. दसरा आला, सळई कोनाड्यातच राहिली.

चैत्रात डोहाचा चिखल झाला, मग चिखलालाही भेगा पडल्या. सिमरखेडीची विनीता, गढीखालच्या घरातली सून, रिकामी घागर कमरेवर घेऊन दगडासमोर थांबली. दगड पुसत असलेल्या उल्हासरावांना म्हणाली, "नाम तो बड़ा सुंदर लिखा है, काकाजी. पानी किसने बंद किया, वो भी लिखवा दो."

मागच्या बाया हसल्या. हसण्यात पाण्याचा थेंब नव्हता.

उल्हासराव घरी गेले आणि सळई घेऊन आले. टाइल्सवर ती नुसती घसरत राहिली, पांढरे ओरखडे तेवढे उठले. कोणीतरी बळीरामला बोलावून आणलं.

"सरकारी काम है, काकाजी. तोड़ोगे तो केस बन जाएगा."

"नीचे झिरिया हैं, बलीराम."

"मालूम था आपको?"

उल्हासराव पुन्हा सळई टाइल्सवर घासू लागले.

"तो उसी दिन बोलना था," बळीराम म्हणाला, आणि हळूच त्यांच्या हातातली सळई काढून घेतली.

पूर्वी लोक नुसतं घाट म्हणायचे. आता वाटसरूनं पाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं, की पोरंसोरंही सांगतात, "टेंभेकर घाट मत जाना, वहाँ पानी नहीं है." ओट्यावर बसलेल्या उल्हासरावांना आपलं नाव दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं.

कुमुदताई गावाबाहेरच्या हातपंपावरून पाणी आणतात. दुपारी नवऱ्याला तांब्या देतात, पण हातात देत नाहीत. समोर जमिनीवर ठेवतात आणि आत जातात.