घाटातला आकडा

घाट चढताना, उरलेल्या पेट्रोलवर गाडी किती जाईल ते दाखवणारा आकडा साठवरून पस्तीसवर आला. मी एसी बंद केला. "अहो, रस्त्याकडे बघा," बायको म्हणाली. उतार लागला आणि आकडा पुन्हा पन्नास! पेट्रोल तर कुणी भरलं नव्हतं. पुढचा रस्ता गाडीला ठाऊकच नसतो. मागची चाल बघून ती अंदाज ठोकून देते.

आम्ही आईकडे निघालो होतो. सकाळी फोनवर ती म्हणाली होती, "मला काय धाड भरलीय? सावकाश या." गेल्या वर्षी पडली, तेव्हाही हेच म्हणाली होती.

पंपावर टाकी फुल केली. आकडा पाचशेच्या वर गेला, पण आईचं 'सावकाश या' आठवलं आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलेना.